चित्रांसाठी हिशेबाचा लाल चोपडा: वडोदऱ्यातल्या एका जुन्या वस्तूचे परीक्षण

वडोदऱ्यात राहून रोज काही ना काही रेखाटणाऱ्या माणसाने वही कोणती घ्यावी असे कोणी विचारले, तर मी त्याला कलासामानाच्या दुकानातल्या जाड पुठ्ठ्याच्या वह्यांकडे पाठवत नाही. मी त्याला सरळ मांडवीच्या आसपास बसणाऱ्या वहीवाल्यांकडे पाठवते आणि व्यापारी दिवाळीत ज्याची पूजा करतात तो लाल कापडी चोपडा मागायला सांगते. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. पक्की चित्रे वेगळ्या कागदावर होतात, पण त्यांच्याआधीचे सगळे, म्हणजे कच्ची रेखाटने, रस्त्यात दिसलेल्या गोष्टींची टिपणे, रंगांच्या याद्या आणि अर्धवट कल्पना, गेली काही वर्षे ह्या चोपड्यातच साठत आले आहे. रोजच्या कामात आनंद देणाऱ्या ज्या थोड्या वस्तू माझ्याकडे आहेत त्यांत हिचा क्रमांक पहिला. चित्रकाराच्या अंगाने तिच्याबद्दल सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही, म्हणून तिचे गुण आणि दोष दोन्ही येथे नोंदवत आहे.

ज्यांनी हा चोपडा फक्त दुकानाच्या गादीवर लांबून पाहिला आहे, त्यांच्यासाठी आधी त्याची घडण सांगते. आवरण खारव्याचे, म्हणजे जाड्याभरड्या लाल सुती कापडाचे असते. आत आणखी थर घालून त्यावर पांढऱ्या दोऱ्याची दाट शिवण मारलेली असते, त्यामुळे ते पुठ्ठ्यासारखे ताठ न होता गोधडीसारखे लवचीक राहते आणि तरीही पानांना पुरेसा आधार देते. एका टोकाला हे आवरण पानांच्या पुढे बरेच वाढवलेले असते. ते पानांवर दुमडायचे आणि त्याला लावलेली दोरी चोपड्याभोवती गुंडाळून बांधायची, की सगळे बंदोबस्तात राहते. पाने मध्यावर दुमडून जाड सुती दोऱ्याने शिवलेली असतात. माझ्याकडचे चोपडे आपल्या नेहमीच्या वहीसारखे डावीकडे-उजवीकडे न उघडता वर-खाली उघडतात, त्यामुळे वरचे आणि खालचे पान मिळून एक लांब उभा पट्टा हाती येतो आणि चोपडा आडवा धरला की तोच पट्टा लांबलचक आडवा होतो. बाजारातल्या साध्या स्केचबुकात हे प्रमाण सहसा मिळत नाही. पोळातली, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्लीतली, उंच, अरुंद घरे उभ्या पट्ट्यात बरोबर बसतात, आणि सूरसागराचा काठ किंवा सयाजीबागेतली झाडांची रांग आडव्या पट्ट्यात ऐसपैस मावते.

परंतु ह्या वस्तूचा खरा गुण तिच्या घड्यांमध्ये आहे. जुन्या पद्धतीच्या चोपड्याला छापील रेघा नसतात. कागद उभा दुमडून दुमडून त्यावर घड्या पाडलेल्या असतात आणि त्या घड्यांनीच पानाचे रकाने होतात. देशी नाम्यात, म्हणजे हिशेब लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत, ह्यांना सळ म्हणतात. रोकडीच्या चोपड्यात ते बहुधा आठ असतात, डावीकडचे चार जमेचे, म्हणजे आलेल्या पैशांचे, आणि उजवीकडचे चार नावेचे, म्हणजे गेलेल्या पैशांचे. प्रत्येक बाजूच्या पहिल्या रकान्यात रक्कम लिहायची आणि पुढच्या तिन्हींत तपशील, अशी जुनी रीत आहे. शाईची रेघ डोळ्यांत भरते आणि चित्राशी भांडते, घडी तसे करत नाही. ती तिरप्या उजेडात दिसते, समोरून पाहिले तर जवळजवळ नाहीशी होते, आणि बोटाला मात्र कायम जाणवते. त्यामुळे कोऱ्या कागदाचे स्वातंत्र्य हवे असेल तेव्हा तेही मिळते आणि ओळंबा हवा असेल तेव्हा तोही मिळतो.

ह्याचा अनुभव मला सर्वांत चांगला आला तो खुद्द मांडवीचे चित्र काढताना. शहराच्या जुन्या कोटाच्या मध्यावर, लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट ह्या चार दरवाजांकडून येणारे रस्ते जेथे मिळतात तेथे ही चौकोनी इमारत उभी आहे आणि तिच्या प्रत्येक बाजूला तीन कमानी आहेत. आठ रकान्यांच्या पानावर सात घड्या येतात. पहिली, तिसरी, पाचवी आणि सातवी घडी हे चार खांबांचे मध्य धरले, तर दुसरी, चौथी आणि सहावी ह्या तीन घड्यांवर तिन्ही कमानींची टोके आपोआप येऊन बसतात. पट्टी नाही, मोजमाप नाही, पेन्सिलीच्या पुसट आखणीचीही गरज नाही. इमारतीचे वजन दोन्ही बाजूंना सारखे तोलले जाते आणि हाताला फक्त कमानीचा बाक सांभाळावा लागतो. जाळीच्या खिडक्या, झरोके, ओळीने उभी केलेली दुचाकी वाहने, खंडेराव मार्केटची दर्शनी बाजू, अशा ज्या ज्या गोष्टींत एकच आकार पुन्हा पुन्हा येतो तेथे तेथे ह्या घड्यांचा उपयोग होतो. माणसांच्या गर्दीतही होतो, कारण प्रत्येक रकान्यात एक-एक माणूस उभा केला की कोण किती उंच आणि कोण किती वाकलेला हे लगेच पडताळता येते.

आता कागदाविषयी. कागद पातळ आहे. उजेडासमोर धरला तर मागचे बोट दिसते. रंग पांढराशुभ्र नसून फिकट पिवळसर असतो आणि मला तो पांढऱ्यापेक्षा अधिक आवडतो, कारण पांढऱ्या कागदावर पहिली रेघ ओढताना जो संकोच वाटतो तो ह्यावर वाटत नाही आणि खडूचा पांढरा हात मारला तर तो उठून दिसतो. शिसपेन्सिलीत एचबी आणि टूबी ह्यांचे काम सुरेख होते. त्याहून मऊ पेन्सिल मात्र समोरच्या पानावर उमटते. खोडरबर जोराने चालवले तर कागदाचे तंतू उठतात आणि त्या जागी नंतर शाई फुटते, म्हणून ह्या चोपड्यात खोडायचे नाही, चुकलेल्या रेघेशेजारी दुसरी रेघ ओढायची, हा नियम मी पाळते. साध्या बॉलपेनची रेघ ह्या कागदावर इतकी मुलायम येते की विद्यार्थ्यांनी दुसरे काहीही विकत न घेता तेवढ्यावरच सुरुवात करावी.

शाईच्या बाबतीत थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण चोपड्याचे आणि शाईचे नाते जुने आहे. शेवटच्या पानावर मी वेगवेगळ्या शायांचे ठिपके आणि रेघा काढून ठेवते, त्या पानाचा अर्धा भाग झाकते आणि उरलेला अर्धा उन्हाळाभर खिडकीच्या उन्हात राहू देते. फाउंटन पेनची नेहमीची निळी शाई उन्हात फिकी पडत जाते, आणि पाण्याचा थेंब पडला तर पसरते. काजळीच्या कणांची काळी शाई जशीच्या तशी राहते. कारण सरळ आहे. पहिलीत विरघळलेला रंग असतो आणि प्रकाशाने त्याची रचना मोडते. दुसरीत कार्बनचे सूक्ष्म कण असतात आणि उजेडाने त्यांचे काही बिघडत नाही. जुनी मोडी कागदपत्रे आजही काळीभोर दिसतात त्याचे कारणही हेच. मी बहुतेक वेळा कॅमलची पाण्याने न पुसणारी काळी ड्रॉइंग शाई वापरते. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुडी आणि वड्यांपासून ज्या उद्योगाची सुरुवात केली, त्याची ही बाटली कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडेही मिळते, आणि रोजच्या वापराच्या वस्तूत हा गुण मी मोठा मानते. एक काळजी मात्र घ्यावी. ही शाई फाउंटन पेनमध्ये भरू नये, ती आत वाळली की पेन कायमचे तुंबते. ती टाकाने किंवा बोरूने वापरावी.

बोरू आणि हा चोपडा ही जोडी मी प्रत्येकाला एकदा तरी करून पाहायला सांगेन. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते, त्यामुळे हात वळला की रेघ आपोआप जाड-बारीक होते. पानांच्या घड्यांवरून बोरू जाताना क्षणभर अडखळतो आणि त्या जागी शाईचा लहानसा थेंब साचतो. झाडाच्या फांदीला पेर दाखवायचे असेल किंवा जुन्या लाकडी खांबाचा सांधा, तर ह्या थेंबासारखी दुसरी सोय नाही. ज्या पानावर बारीक काम करायचे असेल ते पान मी आधी कवडीच्या गुळगुळीत पाठीने घोटून घेते. हाती बनवलेला कागद लिहिण्यापूर्वी घोटण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. घोटल्याने वरचे तंतू दबतात, कागदाला किंचित चकाकी येते आणि शाई फुटत नाही. पाच मिनिटांचे काम आहे, आणि कवडी कागदावर फिरताना जो बारीक करकर आवाज होतो तो ऐकता ऐकता डोके चित्रात शिरते.

जलरंगांसाठी हा चोपडा नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे. एकच पातळ हात, तोही जवळजवळ कोरड्या कुंचल्याने, एवढे तो सहन करतो. त्यापुढे कागद फुगतो, घड्या उलगडतात आणि मागच्या पानावर डाग पडतो. जलरंगांसाठी सुती चिंध्यांपासून हाताने बनवलेला जाड कागद घ्यावा. अहमदाबादेत गांधी आश्रमाजवळच्या कलमखुशमध्ये आणि पुण्यातल्या हातकागद संस्थेत तो चांगला मिळतो. त्याची सुटी पाने चोपड्याच्या वाढीव आवरणाखाली ठेवून दोरी बांधली की दोन्ही कागद बरोबर नेता येतात.

हा चोपडा मला इतका का आवडतो ह्याचे सर्वांत मोठे कारण मात्र कागद, कापड किंवा घड्या ह्यांपैकी कोणतेच नाही. ही वही रोज लिहिण्यासाठीच बनलेली आहे. स्केचबुक उघडले की आपण चित्र काढायला बसलो आहोत अशी जाणीव होते आणि ते चित्र चांगलेच झाले पाहिजे असे ओझे मनावर येते. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, तसे नसते. ज्या दिवशी मोठा व्यवहार झाला त्या दिवसाचीही नोंद होते आणि ज्या दिवशी चार आण्यांचा झाला त्या दिवसाचीही. तारीख पडते, नोंद होते, पान उलटते. मी ही पद्धत जशीच्या तशी उचलली आहे. डाव्या बाजूला, जमेच्या चार रकान्यांत, त्या दिवशी बाहेरून मला जे मिळाले ते लिहिते किंवा काढते. उजव्या बाजूला, नावेच्या रकान्यांत, त्या मिळालेल्यातून मी जे केले ते येते. जमेच्या बाजूच्या गोष्टी अगदी लहान असतात. खंडेराव मार्केटच्या मागे फुलवाल्याने झेंडूच्या टोपलीवर घातलेला ओला गोणपाट आणि त्याखालून झिरपलेला केशरी रंग. संक्रांतीच्या आधी गेंडीगेटच्या रस्त्यावर ओल्या मांजाचा गुलाबी पट्टा रंगवणाऱ्या माणसाची बोटे. दांडिया बाजारातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी नऊवारीवर घातलेला गुजराती भरतकामाचा बटवा. कीर्तिमंदिराच्या शिखरावरचे सूर्य, चंद्र आणि पृथ्वी ह्यांच्यामागे पावसाळी ढग आला तेव्हा बदललेला धातूचा रंग. ह्यांतल्या एकाही गोष्टीचे त्या दिवशी चित्र झाले नाही तरी चालते, पण नोंद झालीच पाहिजे.

दिवसाच्या शेवटी रोकडीत शिल्लक काढतात, तशी मीही काढते. जमेला जे आले आणि नावेला गेले नाही, म्हणजे जे पाहिले पण ज्याचे अजून काही केले नाही, ते एका ओळीत लिहून दुसऱ्या दिवशीच्या पानावर मागील शिल्लक म्हणून सर्वांत वर ओढते. त्या गोणपाटाखालच्या केशरी रंगाची शिल्लक पानामागून पान पुढे ओढली जात राहिली आणि शेवटी एका गोष्टीच्या पुस्तकात ती संध्याकाळचे आकाश होऊन उतरली. सुचत नाही अशी तक्रार करणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींना मी उपदेश करत नाही, एक चोपडा आणून देते, कारण सकाळी पान उघडले की काहीतरी आधीच लिहिलेले समोर असते आणि कामाला लागायला तेवढे पुरते.

कोऱ्या पानाचा प्रश्न तर पहिल्याच दिवशी सुटतो. चोपडा घेताना वहीवाल्या काकांनी मला विचारले होते, "पूजनाला हवा आहे की लिहायला, बेन?" मी म्हटले, "चित्रांसाठी हवा आहे, काका." त्यांनी चोपडा मांडीवर उघडला, घड्यांवरून अंगठा फिरवला, एक चोपडा बाजूला ठेवून दुसरा काढला आणि म्हणाले, "हा घ्या, ह्याच्या घड्या ताज्या आहेत. पण पहिल्या पानावर श्री लिहिल्याशिवाय काम सुरू करू नका." गुजराती व्यापारी चोपडापूजनाच्या वेळी पहिल्या पानावर श्री ही अक्षरे एकाखाली एक वाढत जाणाऱ्या ओळींत मांडून त्यांचा निमुळता डोंगर करतात. आपल्याकडे मराठी घरांतही पत्राची आणि वहीची सुरुवात श्रीनेच होते. तेव्हापासून प्रत्येक चोपड्याचे पहिले पान मी बोरूने श्री लिहून भरते. हात मोकळा होतो, शाई कशी चालते ते कळते, आणि दुसऱ्या पानावर पोचेपर्यंत वही आपली झालेली असते.

बाजारात बसून रेखाटन करणाऱ्यांना आणखी एक फायदा होतो. जाड पुठ्ठ्याची वही आणि रंगपेटी घेऊन ओट्यावर बसले की लोक भोवती जमतात, मुले खांद्यावरून डोकावतात, आणि ज्याचे चित्र काढायचे तो माणूस सावध होऊन ताठ बसतो. लाल चोपडा मांडीवर असला की कोणी वळूनही पाहत नाही. जुन्या शहरात तो इतक्या ठिकाणी दिसतो की पाहणाऱ्याला वाटते, कोणाच्या तरी पेढीवरचा हिशेब चालला आहे. माणसे आपापल्या कामात राहतात आणि त्यांचे खरे बसणे, उठणे, वाकणे कागदावर येते. भूपेन खख्खर हे १९६२ साली वडोदऱ्यात आले तेव्हा व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट होते आणि चित्रकार म्हणून नाव झाल्यावरही बराच काळ हिशेबाचे काम करत राहिले. छोटे दुकानदार आणि कारागीर ह्यांना त्यांनी ज्या आपुलकीने रंगवले त्यामागे हा सहवास असावा असे मला मनापासून वाटते. ह्या गावात हिशेब आणि चित्र शेजारी-शेजारी नांदत आले आहेत.

दोष आता क्रमाने न सांगता, ज्यांनी मला जास्त त्रास दिला ते आधी सांगते. सर्वांत मोठा दोष आवरणाच्या रंगाचा आहे. खारव्याचा लाल रंग पक्का नसतो. पावसात भिजला, किंवा घामेजल्या हातात बराच वेळ राहिला, तर तो हाताला, कपड्यांना आणि पानांच्या कडांना लागतो. वडोदऱ्याच्या पावसाळ्यात चोपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच बाहेर न्यावा. नवीन आणल्यावर ओल्या पांढऱ्या फडक्याने आवरण हलकेच टिपून घेतले तर सुरुवातीचा सुटा रंग निघून जातो. दुसरा दोष शिवणीचा. जाड गठ्ठा थोड्याच टाक्यांवर तोललेला असल्याने मधली पाने टाक्याच्या भोकांपाशी फाटू लागतात. हे होण्याची वाट न पाहता मेण लावलेल्या जाड दोऱ्याने मधोमध आणखी दोन टाके घालून घ्यावेत. दाभण नसेल तर गल्लीतला चांभार ते काम लगेच करून देतो.

स्कॅनिंग करणाऱ्यांना घड्या त्रास देतात, कारण प्रत्येक घडीची सावली चित्रात उभी रेघ होऊन येते. उपाय सोपा आहे. पान खिडकीपाशी अशा रीतीने ठेवावे की उजेड घड्यांच्या दिशेनेच लांबीभर वाहील, त्यांना आडवा छेदणार नाही, आणि मग फोनने फोटो घ्यावा. सावली पडायला जागाच उरत नाही. छपाईसाठी लागणारे पक्के काम मात्र ह्यात करू नये. साध्या गिरणीच्या कागदात लाकडाच्या लगद्यातला लिग्निन आणि आम्ल राहते, त्यामुळे तो वर्षे जातील तसा पिवळा आणि ठिसूळ होत जातो. जुने रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, टिकले ते बऱ्याच अंशी चिंध्यांपासून बनवलेल्या कागदामुळे, आणि आज मिळणाऱ्या चोपड्यांत तो कागद असेलच असे नाही. कच्च्या कामासाठी ही मर्यादा मला मान्य आहे.

भरलेले चोपडे जपण्याची पद्धत आपल्या दफ्तरखान्यांकडून घ्यावी. गायकवाडी दफ्तर असो की पेशवे दफ्तर, कागद रुमालात बांधून ठेवण्याची रीत होती, आणि कापडाचा हा रुमाल धूळ अडवतो पण हवा अडवत नाही, हे त्याचे शहाणपण आहे. प्लॅस्टिकच्या डब्यात चोपडा बंद करून ठेवला तर दमटपणा आत कोंडतो आणि बुरशी येते. मी प्रत्येक चोपडा जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात बांधते आणि कसर लागू नये म्हणून गाठीत वेखंडाचा तुकडा घालते. खाण्याच्या पदार्थांपासून दूर ठेवावा हे वेगळे सांगायला नको, पण वडोदऱ्यात लीलो चेवडो, म्हणजे इथला ओलसर चिवडा, हातात आणि वही मांडीवर अशी वेळ वरचेवर येते. तेलाचा डाग पडलेल्या जागी शाई कधीच बसत नाही, म्हणून एवढा उल्लेख केला.

किमतीबद्दल बोलायचे तर परदेशी नावाच्या एका जाड स्केचबुकाच्या पैशांत मध्यम आकाराचे तीन-चार चोपडे येतात आणि पानेही कितीतरी अधिक मिळतात. पाने भरपूर असली की हात सैल सुटतो, एक पान बिघडले म्हणून जीव हळहळत नाही, आणि शिकणाऱ्यासाठी ही बाब कागदाच्या जाडीपेक्षा महत्त्वाची आहे. ललित कला शाखेतल्या विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगते. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ही शाखा १९५० साली सुरू झाली, तिथे मूळचे इंदूरचे असलेले चित्रकार ना. श्री. बेंद्रे ह्यांच्यासारख्या शिक्षकांनी पिढ्या घडवल्या, आणि आजही देशभरातून मुले तिथे शिकायला येतात. बाहेरगावाहून आलेल्या मुलांना जुन्या शहरात पाठवायला चोपडा हे उत्तम निमित्त आहे. वाटेत रावपुऱ्यात दिवाण भाऊ तांबेकरांच्या वाड्यातली भित्तिचित्रे पाहून घ्यावीत, कारण एकाच भिंतीचे लहान लहान चौकोनांत विभाजन करून प्रत्येकात एक प्रसंग कसा बसवावा ह्याचा तो वस्तुपाठ आहे, आणि आठ रकान्यांच्या पानावर काम करणाऱ्याला तो लगेच उपयोगी पडतो.

दुकानाचे नाव मी लिहीत नाही, कारण अशी दुकाने एकाहून अधिक आहेत आणि माल जवळजवळ सारखाच असतो. सर्वच ठिकाणी गिऱ्हाईक कमी झाले आहे. हिशेब संगणकावर गेले, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि विवरणपत्रे ऑनलाइन भरावी लागू लागली, तेव्हा चोपडा बऱ्याच पेढ्यांवर पूजेपुरता उरला. ५ जुलै २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन ह्यांनी अर्थसंकल्पाची कागदपत्रे चामडी ब्रीफकेसऐवजी लाल कापडी बहीखात्याच्या वेष्टनात नेली तेव्हा देशभर ह्या वस्तूची चर्चा झाली, पण त्याने रोज लिहिणारे वाढले असे वहीवाल्यांच्या बोलण्यातून जाणवत नाही. पूजेसाठी घेतलेला चोपडा वर्षभर कपाटात राहतो आणि पुढच्या वर्षी एकच नवा लागतो. चित्र काढणारा माणूस तो भरून टाकतो आणि पुन्हा येतो. मला ह्या दुकानांत नेहमी आपुलकीने वागवले जाते त्यामागे हेही एक कारण असावे. मागितले तर पानांची संख्या आणि आकार सांगून चोपडा शिवून मिळतो. मी मागच्या वेळी नेहमीपेक्षा रुंद आवरण मागितले, म्हणजे दुमडलेल्या भागात बोरू आणि पेन्सिली ठेवायला कप्पा होईल, आणि त्यांनी तो विनातक्रार करून दिला.

निवड सर्वांत जास्त असते ती दिवाळीच्या आधी, पुष्य नक्षत्राच्या आणि धनत्रयोदशीच्या सुमारास, पण तेव्हा गर्दीमुळे चोपडे उघडून पाहता येत नाहीत. निवांत पाहायचे असेल तर दिवाळीनंतरची लाभपंचमी होऊन गेल्यावर सकाळी जावे. मागताना कोरा, बिनछापील, घड्यांचा चोपडा असे स्पष्ट म्हणावे, कारण आता लाल रेघा छापलेले आणि पानोपानी रकान्यांची नावे असलेले चोपडेही येतात आणि न सांगितल्यास तेच पुढे केले जातात. हातात आल्यावर मधले पान उघडून टाके मोजावेत, चारपेक्षा कमी असतील तर दुसरा मागावा. एका कोपऱ्यावर पाण्याचे बोट लावून कागद किती शोषतो ते पाहावे, दुकानदार त्याला हरकत घेत नाहीत. आणि बांधायची दोरी आवरणाला नुसती चिकटवलेली नसून आरपार शिवलेली आहे ना, एवढे तपासून मगच पैसे द्यावेत.